हाली की कलदार?

सराफाने रुपया आधी वाजवला, मग तोलला. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचा आकडा थरथरला आणि ११.०९ ग्रॅमवर स्थिरावला. "मोडायचा का, काका?" त्याने विचारले. मी नाही म्हणालो. "मग आणला कशाला?"

हे लातूरच्या गंजगोलाईत. या गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. एका रुपयाचे आणे सोळा, तसेच. पैकी सराफ्याकडच्या रस्त्यावर एका पेढीच्या गादीवर मी बसलो होतो. रुपया आजीच्या पेटीतला. एका बाजूला चारमिनार, आणि मिनाराच्या मधल्या कमानीत अरबी लिपीतले एक अक्षर, 'ऐन'. उस्मान अली खान या नावाचे ते आद्याक्षर. त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे मीर महबूब अली खान यांच्या नाण्यावर त्याच कमानीत 'मीम' असे. चारमिनार तोच, फक्त दारातला माणूस बदललेला. साल हिजरीत, १३३ एवढे वाचता येते, चौथा आकडा कुणाच्या तरी अंगठ्याने कायमचा पुसून टाकला आहे.

"हा आपला नाही, निजामाचा आहे," पंचविशीतला सराफ मला समजावून सांगू लागला. आजी असती तर तिने त्याला तिथल्या तिथे दुरुस्त केले असते. तिच्या लेखी हाच आपला. तो दुसरा, राणीच्या नाहीतर राजाच्या मुंडक्याचा, तो कलदार. तो बार्शीकडचा.

परदेशी जाणाऱ्यांसाठी हल्ली पुष्कळ लिहिले जाते: तिथे कोणते चलन, कार्ड चालते का, किती रोख बाळगावी, कुठे बदलून घ्यावी. हे प्रश्न विमानात बसणाऱ्यांचे आहेत असा आपला समज असतो. मुरूडजवळच्या आमच्या खेड्यातून पंढरीला निघणाऱ्या बाईलाही ते पडत होते. तिचा परदेश पांगरीच्या स्टेशनापासून सुरू व्हायचा.

नांदेड आणि लातूर दोन्ही १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. नांदेड जिल्ह्याचे ठिकाण, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. (लातूर जिल्हा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी.) संस्थानाचे स्वतःचे टपाल तिकीट होते, स्वतःची रेल्वे होती, जकात होती आणि स्वतःचे नाणे होते. इंग्रजी मुलखातले बार्शी-सोलापूरचे लोक आमच्या भागाला 'मोगलाई' म्हणत. हद्दीवर करोडगिरीचे नाके. करोडगिरी म्हणजे संस्थानाचे जकात खाते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत हा शब्द फार भेटतो, कारण सत्याग्रहींनी आणि सशस्त्र तुकड्यांनी हात घातला तो या नाक्यांनाही.

नाण्याचे सरकारी नाव 'सिक्का-ए-उस्मानिया', पण माणसे म्हणत 'हाली'. हाल म्हणजे सध्याचा काळ. हाली म्हणजे सध्या चालू असलेला, चलनी. दरबारी कागदातला शब्द बाजारात उतरला आणि रुपयाचे नाव होऊन बसला. 'कलदार'चा जन्मही असाच. कल म्हणजे यंत्र. टांकसाळीत हाताने ठोकलेल्या वेड्यावाकड्या नाण्यांच्या जमान्यात इंग्रजांचा रुपया यंत्रातून कडेला दातेरी होऊन आला, म्हणून तो कलदार. पुढे हैदराबादची नाणीही यंत्रावर पडू लागली, तरी नाव इंग्रजी रुपयालाच चिकटून राहिले. आमच्याकडच्या जुन्या खरेदीखतांत रकमेपुढे 'हाली' असे वेगळे लिहिलेले सापडते. पाचशे म्हणजे कुठले पाचशे, हे लिहिल्याशिवाय व्यवहार पुरा होत नसे.

आता भाव. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा ढोबळ आणि सर्वांच्या तोंडचा हिशोब. मुलूख बदलला की पैशाची किंमत का बदलावी, हे कोडे मला लहानपणी सुटत नव्हते. निजामाचा मान कमी म्हणून रुपया कमी, असे काहीतरी मी ठरवून टाकले होते. उत्तर त्या काट्यावर होते. आजीच्या पेटीतला रुपया टांकसाळीतून निघाला तेव्हा त्याचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम होते आणि त्यात हजारी ८१८ भाग चांदी होती. म्हणजे चांदी ९.१४ ग्रॅम. त्या काळच्या इंग्रजी रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, चांदी हजारी ९१७, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. पहिल्याला दुसऱ्याने भागा, ०.८५५ येते. सहाला साताने भागा, ०.८५७. मान-अपमानाचा संबंध नव्हता. चांदीच बोलत होती.

मी हा भागाकार मोबाइलवर करून सराफाला दाखवला. त्याला त्याचे फारसे काही वाटले नाही. "चांदीच्या धंद्यात दुसरं काय बोलणार," तो म्हणाला, आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या पैंजणांकडे वळला.

सात-सहाचा हिशोब ऐकायला सोपा, पण करायला घ्या. एक कलदार म्हणजे अठरा आणे आठ पै हाली. एक हाली म्हणजे कलदारातले तेरा आणे आणि साडेआठ पैंहून थोडे जास्त. पावकी, निमकी, दिडकी पाठ असलेल्या पिढीलाही सातवा हिस्सा काढायला त्रासच पडत असणार. पै न् पै मोजणाऱ्या बाईला सराफ सांगेल तो आकडा मानून पुढे जायचे. आणि सराफ एखादा आणा इकडचा तिकडे करणारच. त्याची पेढी त्यावरच चालते.

त्या कापल्या जाणाऱ्या हिश्श्याला आपल्या भाषेत नाव आहे: बट्टा. परगावचे नाणे घेताना सराफ जी घट धरतो, तो बट्टा. आज आपण म्हणतो, घराण्याच्या नावाला बट्टा लागला. म्हणणाऱ्याच्या मनात डाग असतो. मुळात ती नाण्यावरची वजावट आहे. परक्या नाण्यांच्या या गर्दीने आपली अर्धी बोली घडवली आहे. माणूस खणखणीत बोलतो, बंद्या रुपयासारखा असतो, नाहीतर खोटा पैसा निघतो. एखाद्याचे नाणे बाजारात चालत नाही. ही सगळी भाषा गादीवर बसून रुपया आपटून पाहणाऱ्यांची. ती वापरताना आपण कुणालातरी दगडावर वाजवून बघत असतो, हे ध्यानात येत नाही इतकेच.

तर आजीची वारी. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती उभी केली. कुर्डुवाडी ते बार्शी १८९७ मध्ये सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली आणि १९११ मध्ये लातूरला. लातूरचा कापूस आणि तूर बाहेर न्यायला ती जितकी उपयोगी, तितकीच आषाढी-कार्तिकीला माणसे न्यायला. मुरूड, येडशी ही मोगलाईतली स्टेशने. पांगरी आली की इंग्रजी मुलूख. तिथे डोंगर बदलत नाही, पीक बदलत नाही, बायांचे नेसणे बदलत नाही. भाषा तीच, फक्त मुरूडकर 'जातेत' म्हणतो आणि बार्शीकर 'जातात' म्हणण्याचा प्रयत्न करतो. बदलतो तो रुपया.

आजी सांगायची ते असे: निघण्याआधी घरात बसून पैसे दोन पुरचुंड्यांत बांधायचे. हाली पुरचुंडी कमरेला. ती येता-जाता आपल्या मुलखात लागणार. दुसरी बदलून आणलेल्या कलदाराची, ती चोळीच्या आत, कारण ती महाग. पस्तीस हालीचे तीस कलदार, त्यात सराफाचा वाटा वेगळा. पंढरपुरात बुक्का, प्रसादाचे चुरमुरे, तुळशीच्या माळा, बडव्यांची दक्षिणा, सगळे कलदारात. परतताना उरलेले कलदार बदलायचे नाहीत, पुढच्या वारीला ठेवायचे, कारण पुन्हा बदलले तर पुन्हा बट्टा. विमानतळावर उरलेले डॉलर न मोडता घरी कपाटात ठेवणारे माझे मित्र नेमके हेच करतात. ते या शहाणपणाला फॉरेक्स म्हणतात.

मात्र एक कबूल करतो. आजी हे सांगायची तेव्हा मी लहान होतो. आठवणीत तिची आणि माझी भेसळ झाली असेल. पुरचुंड्या दोन होत्या, एवढे नक्की.

नांदेडच्या बाजूची हद्द आणखी गमतीची. हदगावकडून पैनगंगा ओलांडली की उमरखेड, म्हणजे वऱ्हाड. वऱ्हाडावर कागदोपत्री सार्वभौमत्व निजामाचेच. १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे आणि १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने गेला. निजामाच्या युवराजाला १९३६ पासून 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताबही होता. पण बाजारात निजामाचा रुपया चालत नव्हता. नदीच्या अलीकडे राजाही निजाम आणि नाणेही निजामाचे. पलीकडे राजा नावापुरता निजाम, नाणे इंग्रजाचे. सार्वभौमत्व कुणाचे हे शेवटी वाणी ठरवतो असे म्हणायला हरकत नाही.

कागदी नोटा हैदराबादला उशिरा मिळाल्या. इंग्रज सरकारला ते नको होते. पहिल्या महायुद्धात चांदीचा दुष्काळ पडला, हैदराबादने युद्धाला भरपूर मदत केलेली होती, म्हणून १९१८ मध्ये परवानगी मिळाली. दहा आणि शंभराच्या नोटा आधी आल्या, मग एक आणि पाचाच्या. नोटेवर उर्दू मुख्य, पण किंमत मराठी, तेलुगू, कानडीतही लिहिलेली. दरबाराची भाषा न कळणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या भाषेत 'दहा रुपये' वाचता यायचे, अर्थात वाचता येत असेल तर. या नोटा सुरुवातीला लंडनला छापल्या जात. १९२२ च्या मे महिन्यात 'इजिप्त' नावाचे जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धडक होऊन बुडाले. त्यात सोने-चांदीबरोबर निजामाच्या सही न झालेल्या नोटांचे गठ्ठेही होते. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी सोने वर काढले, त्याबरोबर त्या नोटाही निघाल्या. आज नाणेसंग्राहक त्या जपतात. सही नसलेली, समुद्रात भिजलेली, कोणत्याही देशात कधीच न चाललेली नोटही आता मोल राखून आहे.

हा दोन रुपयांचा संसार १९४७ च्या अखेरीस बिघडला. २९ नोव्हेंबर १९४७ ला हैदराबादने भारताशी 'जैसे थे' करार केला आणि पाठोपाठ दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू भारतात नेण्यावर बंधन आले. दुसऱ्याने भारताचा रुपया संस्थानात अग्राह्य ठरवला. दिल्लीने याला कराराचा भंग म्हटले. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत संपते. ती ओळ बार्शीहून लातूरला माहेरी येणाऱ्या लेकीच्या दृष्टीने वाचा. कालपर्यंत पदरचा कलदार मुलखात गेल्यावर जास्त मोलाचा, अठरा आणे आठ पैंचा. आज दुकानदाराने तो घेतला तर दुकानदारच गुन्हेगार.

त्यानंतर दोन महिन्यांत नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या बँकेवर मुक्तिसंग्रामातल्या तुकडीने छापा घातला. तारीख ३० जानेवारी १९४८. दिल्लीत गांधीजींचा खून झाला तो दिवस. उमरखेडकडे हद्दीपलीकडे असलेल्या छावण्यांना शस्त्रे हवी होती, शस्त्रांना पैसा हवा होता. या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते शौर्याबद्दल आहे. मला मात्र दरवेळी एक व्यापारी शंका येते: निजामाच्या बँकेतला पैसा पैनगंगेपलीकडे नेल्यावर तो मोडला कुठे, आणि बट्टा किती गेला? क्रांतीलाही सराफाच्या गादीसमोरून जावेच लागले असणार.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपले, पण रुपया संपला नाही. भारतात सामील झाल्यावरही स्वतःच्या नोटा चालू ठेवता आलेले हैदराबाद हे एकटेच संस्थान. १९४१ मध्ये स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक त्यांचा कारभार बघत होती. पुढची काही वर्षे हाली आणि भारतीय रुपया शेजारी शेजारी नांदले, मग पन्नासच्या दशकात हाली टप्प्याटप्प्याने मोडीत निघाला. बँक १९५६ मध्ये 'स्टेट बँक ऑफ हैदराबाद' झाली आणि १ एप्रिल २०१७ ला भारतीय स्टेट बँकेत मिसळली. नांदेड-लातूरकडची म्हातारी माणसे मात्र पाटी बदलली तरी पेन्शन 'हैदराबाद बँकेत' येते असे सांगत.

त्याच दशकात आणखी एक घाव बसला. १ एप्रिल १९५७ ला आणे-पै गेले आणि नवे पैसे आले. हाली आण्यांतून भारतीय आण्यांत, तिथून शंभर नव्या पैशांत. आणि या मधेच १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात. लातूरच्या आडतीवरच्या मुनिमाची मला कीव येते. जागचा न हलता त्याने तीन चलने आणि दोन राज्ये पाहिली.

आता नांदेड. सचखंड श्री हजूर साहिब. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी इथे देह ठेवला, महाराजा रणजितसिंगांनी १८३० च्या दशकात आजची वास्तू बांधवली. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला तेव्हापासून शहराचे रस्ते रुंद झाले आणि परदेशातून येणारे यात्रेकरू नजरेत भरू लागले. इंग्लंड, कॅनडा, अमेरिका. मुक्कामाला यात्री निवास, जेवायला लंगर. एकंदरीत प्रवाशाच्या दोन मोठ्या गरजा या गावात जवळपास चलनाशिवाय भागतात. पंगतीत बसल्यावर पौंड की रुपया असे कुणी विचारत नाही; रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची, एवढाच नियम. सात-सहाच्या हिशोबाने डोके उठलेल्या माणसाला तिथे बरे वाटते.

पण कडे, किरपाण, रुमाला, फोटो घ्यायचा तर गेटाबाहेरच्या दुकानांत जावे लागते, आणि तिथे जुना प्रश्न नव्या वेषात उभा असतो. दुकानादुकानात क्यूआर कोडची पाटी. नांदेडच्या पोराला खिशात दमडी नसली तरी चालते. बर्मिंगहॅमहून आलेल्या आजोबांच्या खिशात पौंडांची गड्डी असली तरी अडते. परदेशात राहणाऱ्या भारतीयाचे इथे एनआरई किंवा एनआरओ खाते असेल, तर २०२३ पासून इंग्लंड, कॅनडा, अमेरिकेसह काही देशांच्या मोबाइल क्रमांकांवरही यूपीआय जोडता येते. ज्यांचा पासपोर्टच परदेशी आहे त्यांच्यासाठी त्याच वर्षी जी-२० च्या निमित्ताने 'यूपीआय वन वर्ल्ड' हे पाकीट निघाले: पासपोर्ट-व्हिसा दाखवायचा, आधी पैसे भरायचे, मग कोड स्कॅन करत सुटायचे. व्यवस्था चांगली आहे. नांदेडला सचखंड एक्स्प्रेसमधून उतरणाऱ्यांपैकी कितीजणांना ती माहीत असते, हे स्टेशनबाहेर उभे राहून दहाजणांना विचारून पाहावे. मी सहाजणांना विचारले. एकालाही माहीत नव्हती.

मग उरते रोख आणि कार्ड. बाहेरून येणाऱ्याला भारतीय रोकड पंचवीस हजारांपर्यंत आणता येते, तीही विमानतळावरूनच. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या नागरिकांना तीही मुभा नाही. परकीय नोटा पाच हजार डॉलरच्या वर असतील, किंवा एकूण परकीय चलन दहा हजारांच्या वर, तर कस्टमला लिहून द्यायचे. आणि कार्डाच्या यंत्रावर एक सापळा असतो तो सांगतो, कारण आमच्या घरातलेच एक जण त्यात अडकले. यंत्र विचारते: रुपयांत देता की तुमच्या पौंडांत? माणसाला स्वतःचे चलन ओळखीचे वाटते, तो पौंड दाबतो. तिथेच यंत्रामागचा सराफ आपला भाव लावतो आणि तो बहुधा महाग पडतो. रुपये दाबावे. गादी गेली, तराजू गेला, बट्टा मात्र पडद्यावर बसला आहे आणि आता त्याला हिशोबाच्या वहीचीही गरज नाही.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री तर सगळेच परदेशी झाले. पाचशे-हजाराच्या नोटा अग्राह्य. परदेशी पाहुण्यांना आठवड्याला पाच हजारांपर्यंत चलन बदलून मिळेल असे ठरले. रांग मात्र देशी माणसाएवढीच. त्या दिवसांत मला आजीची आठवण फार आली. हातातला रुपया रात्रीतून मोडीत निघणे या मुलखाला नवे नव्हते, फक्त मधली दोन पिढ्यांची विश्रांती झाली होती.

परवा नांदेडला गुरुद्वाऱ्याजवळच्या दुकानात बसलो होतो. इंग्लंडहून आलेले एक वयस्क सरदारजी नातवासाठी कडे घेत होते. पौंड पुढे केले. दुकानदाराने हात जोडले. "बाबाजी, हे माझ्याच्यानं घेता येत नाही. पलीकडं बदलून देतात, परवानावाले." कार्ड दिले, यंत्राला रेंज नव्हती. अखेर सोबतच्या ड्रायव्हरने स्वतःच्या मोबाइलवरून साडेचारशे रुपये भरले आणि बाबाजींनी त्याच्या हातात वीस पौंडांची नोट ठेवली. ड्रायव्हरने ती उलटी-सुलटी करून पाहिली, उजेडात धरली आणि दुकानदाराला विचारले, "हे किती झाले?" दुकानदाराने मोबाइलवर पाहिले, आकडा सांगितला. ड्रायव्हर घाईघाईने उरलेले पैसे मोजायला लागला. बाबाजींनी त्याचे हात धरून थांबवले. उलटा बट्टा प्रथमच पाहिला.

मी एक रुमाल घेतला. सुट्टे म्हणून दुकानदाराने दहाची तीन नाणी दिली. लातूरला उतरलो, रिक्षा केली आणि ती तीन नाणी रिक्षावाल्यापुढे धरली. त्याने हात मागे घेतला.

"हे इकडं चालत न्हाईत, काका."

सगळी खरी आहेत, रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सांगितले आहे, दहाच्या नाण्याचे तेव्हा चौदा नमुने होते आणि चौदाही चालतात, असे मी त्याला सविस्तर सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"बँकेत चालत असतील. वाणी घेत न्हाई त्याला मी काय करू? तिकडं हैदराबादला चालतेत म्हणं."

मी खिशातून मोबाइल काढला.